जुन्या व्हिडिओ गेम यंत्रांतील चित्रनिर्मिती चिप : रचना, कार्यपद्धती आणि महाराष्ट्रातील आगमन

प्रस्तावना :

विसाव्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांत महाराष्ट्रातील मध्यमवर्गीय घरांत दूरचित्रवाणी संच स्थिरावला आणि त्यापाठोपाठ त्या संचाला जोडून खेळावयाची छोटी यंत्रेही येऊ लागली. त्यांना बोलीभाषेत सरसकट 'टीव्ही गेम' असे म्हटले जाई. आज महाविद्यालयात संगणकशास्त्र शिकविणाऱ्या प्राध्यापकांपैकी अनेकांनी पहिला मायक्रोप्रोसेसर हाताळला तो अशा खेळण्यातच, फक्त त्या वेळी त्याला त्या नावाने कोणी ओळखत नव्हते. या यंत्रांकडे करमणुकीचे साधन म्हणून पाहण्याची सवय आपल्याला आहे. त्यांच्या पोटात काय होते याचा विचार मराठीत फारसा झालेला दिसत नाही.

संगणक आलेखिकी हा विषय शिकविताना पहिल्या तासालाच फ्रेम बफर येतो. पडद्यावरील प्रत्येक चित्रबिंदूसाठी स्मृतीत एक जागा असते, तेथे रंगाचा अंक लिहिला की तो बिंदू त्या रंगाचा दिसतो, असे आपण सांगतो. ही मांडणी बरोबर आहे. परंतु ती स्मृती स्वस्त झाल्यानंतरची आहे. १९७७ ते १९९० या काळातील बहुतेक गेम यंत्रांत पडद्यावरील चित्र कोठेही साठविलेले नसे. होते ते चित्राचे वर्णन, आणि त्या वर्णनावरून सेकंदाला पन्नास किंवा साठ वेळा चित्र नव्याने घडविणारी एक खास चिप. प्रस्तुत लेखात या चिपची कार्यपद्धती, पुण्यात तयार झालेल्या एका यंत्रातील तिचे भावंड आणि जपानी यंत्रे आपल्या दूरचित्रवाणीशी जुळविताना करावा लागलेला बदल यांचा विचार केला आहे.

दूरचित्रवाणीचे वेळापत्रक :

काचेच्या नळीच्या दूरचित्रवाणी संचात इलेक्ट्रॉनांची एक शलाका पडद्यावर डावीकडून उजवीकडे रेष ओढत जाते, रेष संपली की परत डावीकडे येते आणि खालची रेष सुरू करते. भारताने स्वीकारलेल्या पॅल पद्धतीत अशा ६२५ रेषा असून पडदा सेकंदाला ५० वेळा वरपासून खालपर्यंत झाडला जातो. एका रेषेला ६४ मायक्रोसेकंद लागतात. अमेरिका व जपान येथील एनटीएससी पद्धतीत रेषा ५२५ आणि फेऱ्या सेकंदाला सुमारे ६० असत. शलाका कोणासाठी थांबत नाही. ज्या क्षणी ती ज्या बिंदूवर असेल त्या क्षणी त्या बिंदूचा रंग तारेवर हजर असलाच पाहिजे, अन्यथा तेथे काहीतरी चुकीचे दिसते. या काळातील प्रत्येक चित्रनिर्मिती चिपची रचना या एका अटीतून निघाली आहे.

अटारी कंपनीच्या १९७७ मधील यंत्रात या अटीला दिलेले उत्तर सर्वांत काटकसरीचे होते. त्या यंत्रात एकूण स्मृती १२८ बाइट होती. (किलोबाइट नव्हे, बाइट, या परिच्छेदाचे पहिले वाक्यही तीत मावणार नाही.) जे मायनर यांच्या नेतृत्वाखाली तयार झालेल्या टिया नावाच्या चिपला संपूर्ण पडदा ठाऊकच नव्हता. तिला फक्त एक रेष कळे : पार्श्वभूमीचे वीस बिट, दोन खेळाडू, दोन क्षेपणास्त्रे आणि एक चेंडू. चालू रेष रंगविली जात असतानाच पुढच्या रेषेसाठी चिपमधील अंक बदलणे ही जबाबदारी प्रोग्राम लिहिणाऱ्याची होती आणि त्यासाठी त्याला प्रोसेसरची फक्त ७६ चक्रे मिळत. १९८२ मध्ये या यंत्रासाठी निघालेल्या पॅकमॅन खेळात भुते सतत लुकलुकत. कारण चार भुते एकाच वेळी दाखविण्याऐवजी ती आळीपाळीने दाखविली जात होती. खेळणाऱ्यांना हा दोष वाटला आणि तो दोषच होता. परंतु त्याचे मूळ चिपच्या मोजक्या साधनांत होते.

खिळे आणि जुळणी :

पुढची पायरी टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स कंपनीच्या टीएमएस ९९१८ मालिकेतील चिपने गाठली. पडदा लहान चौकोनांत विभागून प्रत्येक चौकोनात कोणती आकृती हे एका तक्त्यात लिहायचे, आणि त्यावर मोकळेपणी फिरणाऱ्या आकृत्या वेगळ्या ठेवायच्या, ही मांडणी तिच्यात सुस्पष्ट दिसते. फिरणाऱ्या आकृत्यांसाठी 'स्प्राइट' हा शब्द तिच्याबरोबरच रूढ झाला. कोलेकोव्हिजन आणि सेगाचे पहिले गेम यंत्र यांत हीच चिप होती. मात्र ही पद्धती सर्वाधिक घरांत पोहोचली ती निन्टेन्डोच्या यंत्रातून.

निन्टेन्डोचे फॅमिकॉम हे यंत्र जपानमध्ये १५ जुलै १९८३ रोजी विक्रीस आले. मासायुकी उएमुरा हे त्याचे प्रमुख अभियंते आणि रिको ही चिप बनविणारी कंपनी. आत दोन मुख्य चिप होत्या. एकीत ६५०२ घराण्यातील प्रोसेसर व ध्वनीचा भाग, आणि दुसरी पिक्चर प्रोसेसिंग युनिट, म्हणजे पीपीयू. पडदा २५६ बाय २४० बिंदूंचा. प्रत्येक बिंदूसाठी चार बिट धरले तरी फ्रेम बफरला ३०,७२० बाइट लागले असते. प्रत्यक्षात एका पडद्याच्या पार्श्वभूमीचे वर्णन १,०२४ बाइटांत बसविले गेले.

हे कसे साधले ते समजण्यासाठी जुन्या छापखान्याची आठवण उपयोगी पडते. खिळ्यांच्या पेटीत प्रत्येक अक्षराचा खिळा एकदाच घडविलेला असतो. जुळारी तो हवा तेथे बसवितो आणि पान तयार होते. पीपीयूसाठी खिळ्यांची पेटी म्हणजे कार्ट्रिजमधील ८ किलोबाइटची चिप, तीत ८ बाय ८ बिंदूंच्या ५१२ आकृत्या. जुळणी म्हणजे ३२ बाय ३० घरांचा तक्ता, प्रत्येक घरात एका आकृतीचा क्रमांक. हे झाले ९६० बाइट. उरलेल्या ६४ बाइटांत कोणत्या भागाला कोणती शाई लावायची याची नोंद. शाईच्या चार वाट्या पार्श्वभूमीसाठी आणि चार स्प्राइटसाठी, प्रत्येक वाटीत तीन रंग, शिवाय सर्वांना सामाईक असा एक. म्हणून एका वेळी पडद्यावर सर्वसाधारणपणे २५ रंग. १९८५ च्या सुपर मारिओ ब्रदर्स या खेळात आकाशातील ढग आणि जमिनीवरील झुडूप यांची आकृती एकच आहे, केवळ शाई वेगळी. संपूर्ण खेळ ४० किलोबाइटांत बसविण्यामागे अशाच क्लृप्त्या आहेत.

स्प्राइटचा हिशेब निराळा होता. त्यांची संख्या ६४ असून प्रत्येकासाठी चार बाइट असत : उभे स्थान, आकृतीचा क्रमांक, गुणधर्म आणि आडवे स्थान. एक रेष रंगविली जात असतानाच चिप पुढच्या रेषेसाठी ही यादी क्रमाने तपासते आणि त्या रेषेवर येणारे पहिले आठ स्प्राइट निवडते. नवव्याला जागा नाही. यादीत खाली असलेला शत्रू त्यामुळे कायमचा अदृश्य होऊन खेळाडूवर अन्याय होईल. म्हणून प्रोग्रामकार प्रत्येक फेरीला यादीचा क्रम बदलत. गर्दी झाली की आकृत्या लुकलुकतात ते यामुळे. अटारीच्या भुतांचीच ही पुढची पिढी, फक्त येथे आळीपाळी विचारपूर्वक लावलेली आहे.

आणखी एक बंधन महत्त्वाचे. चित्र रंगविले जात असताना पीपीयूच्या स्मृतीला प्रोसेसरने हात लावावयाचा नाही. शलाका खालून पुन्हा वर जाते तेवढ्या अवकाशात, म्हणजे वीस रेषांच्या काळात, सुमारे २,२७० चक्रांत सर्व बदल उरकावे लागत. सगळा खेळ या छोट्या मुदतीभोवती बांधलेला असे.

पुण्यातील स्पेक्ट्रम :

महाराष्ट्रापुरता विचार केला तर याच काळातील एक ठळक उदाहरण पुण्याचे आहे. येथील डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीने १९८८ मध्ये ब्रिटनच्या स्पेक्ट्रम प्लस या घरगुती संगणकाची परवानाप्राप्त आवृत्ती 'डीबी स्पेक्ट्रम प्लस' या नावाने बाजारात आणली. काटेकोरपणे पाहता हे गेम यंत्र नव्हे. बेसिक भाषा शिकण्याचे साधन म्हणून पालक ते घेत. मुले त्यावर काय करीत असत हे वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही.

मूळ स्पेक्ट्रम १९८२ मधील. त्यात ३.५ मेगाहर्ट्झचा झेड ८० प्रोसेसर आणि बाकी जवळजवळ सर्व कामांसाठी फेरांटी कंपनीची एकच चिप होती. पडदा, कळफलक, ध्वनिफितीवरून प्रोग्राम वाचणे आणि आवाज काढणे ही सर्व कामे तीच करी. तिचे नाव यूएलए. रिचर्ड ऑल्टवॅसर यांनी तिची रचना केली. छापखान्यात लग्नपत्रिकेची कार्डे चौकट व गणपतीचे चित्र छापून तयार ठेवलेली असतात आणि यजमान आल्यावर नावे व मुहूर्त तेवढा छापला जातो. यूएलएचेही तसेच : लॉजिकची द्वारे असलेली सिलिकॉनची पट्टी कारखान्यात आधीच तयार असते आणि शेवटचा धातूचा थर मात्र गिऱ्हाइकाच्या जोडणीप्रमाणे घातला जातो. नवी चिप पहिल्यापासून घडविण्यापेक्षा हे लवकर व स्वस्तात होई. लहान कंपनीला स्वतःची चिप परवडू लागली ती यामुळे.

स्पेक्ट्रममध्ये स्प्राइट नाहीत, खिळ्यांचा तक्ताही नाही. येथे खरोखर बिंदूंची स्मृती आहे. पण ती एकरंगी. २५६ बाय १९२ बिंदूंसाठी प्रत्येकी एक बिट, म्हणजे ६,१४४ बाइट. रंग मात्र ८ बाय ८ बिंदूंच्या चौकोनाला मिळून एक बाइट : शाईचा रंग, कागदाचा रंग, उजळपणा व उघडझाप. असे ७६८ बाइट. एकूण ६,९१२. पूर्ण रंगीत चित्राला २४,५७६ बाइट लागले असते आणि मूळ यंत्राची सर्वांत स्वस्त आवृत्ती तर १६ किलोबाइटचीच होती. या काटकसरीची किंमत पडद्यावर दिसे. लाल खेळाडू हिरव्या झाडासमोर आला की चौकोनातील झाडही लाल होई, कारण एका चौकोनात दोनच रंग मावत.

यूएलए आणि प्रोसेसर एकाच स्मृतीवर अवलंबून होते, हा या यंत्रातील सर्वांत बोधप्रद भाग. शलाका चित्राच्या भागात असताना यूएलएला दर आठ बिंदूंसाठी दोन बाइट वाचावे लागतात, एक आकृतीचा व एक रंगाचा. त्याच क्षणी प्रोसेसरला खालच्या १६ किलोबाइट स्मृतीत जायचे असेल तर यूएलए त्याचे घड्याळच थांबविते. म्हणजे एकच प्रोग्राम स्मृतीत कोठे ठेवला आहे त्यानुसार कमी-अधिक वेगाने चाले. कार्यकारी प्रणाली शिकविताना सामाईक साधनांसाठीची स्पर्धा आपण फळ्यावर काल्पनिक प्रक्रियांच्या आधारे समजावितो. येथे ती ४० पायांच्या एका चिपमध्ये प्रत्यक्ष घडते आणि मोजता येते. एका रेषेला २२४ चक्रे, एका फेरीला ३१२ रेषा, असा तिचा चोख हिशेब आहे.

ध्वनिफितीवरून चित्र भरताना ते वरून खाली न भरता आधी तीन भागांत, प्रत्येक भागात आठ-आठ रेषा सोडून, आणि शेवटी एकदम रंग चढे, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना आठवत असेल. हा विक्षिप्तपणा नव्हता. एका अक्षराच्या खालच्या रेषेचा पत्ता बरोबर २५६ ने पुढे असेल तर प्रोसेसरला पत्त्याचा वरचा बाइट फक्त एकाने वाढवावा लागतो आणि अक्षर पडद्यावर लवकर उमटते, ही त्यामागील सोय होती.

दोन गेज :

पूर्णेच्या वाचकास गेज बदलाची कल्पना नव्याने समजावून द्यावी लागणार नाही. मनमाडकडील मार्ग ब्रॉडगेज झाल्यावरही अकोल्याकडील मार्ग २००८ पर्यंत मीटरगेज होता आणि एकाच जंक्शनवर दोन रुंदीचे रूळ नांदत होते. गाडी कितीही चांगली असली तरी रूळ जुळल्याशिवाय ती पुढे जात नाही. दूरचित्रवाणीची पद्धती हा या यंत्रांसाठी असाच रूळ होता.

स्पेक्ट्रमला ही अडचण आली नाही. ब्रिटनमध्येही पॅल, ६२५ रेषा, ५० फेऱ्या; भारतातही १९८२ मध्ये रंगीत प्रक्षेपण सुरू झाले ते पॅलमध्येच. दोन्ही देशांत ध्वनीच्या वहनाचा तपशील वेगळा होता, परंतु स्पेक्ट्रमचा आवाज दूरचित्रवाणीतून न येता यंत्रातीलच छोट्या ध्वनिक्षेपकातून येई. त्यामुळे यूएलएच्या मूळ हिशेबात बदल न करता पुण्याचे यंत्र परभणीच्या संचावर चालू शकत होते.

निन्टेन्डोचे यंत्र मात्र सेकंदाला साठ फेऱ्यांच्या देशात जन्मलेले. युरोपासाठी रिकोने वेगळी पीपीयू काढली. तीत रेषा २६२ ऐवजी ३१२ झाल्या, प्रोसेसरचा वेग १.७९ वरून १.६६ मेगाहर्ट्झवर आला आणि दोन्ही चिपच्या घड्याळांचे ३ ला १ हे सोपे प्रमाण ३.२ ला १ असे झाले. चक्रे मोजून लिहिलेले जपानी खेळ त्यामुळे ठिकठिकाणी अडखळत.

नव्वदच्या दशकात स्वस्त बाजारात जी यंत्रे पसरली त्यांत मूळ चिपऐवजी तैवानमध्ये बनलेल्या नकला असत. यूएमसी या कंपनीची प्रोसेसर व पीपीयूची जोडी त्यांपैकी प्रसिद्ध आहे. नक्कल म्हटली की हलके काम असा आपला समज असतो. या जोडीच्या पॅल आवृत्तीने तो खोटा ठरविला. नकलाकारांनी घड्याळांचे ३ ला १ हे जपानी प्रमाण कायम ठेवले, प्रोसेसरचा वेग १.७७ मेगाहर्ट्झ राखला आणि पॅलच्या वाढीव ५० रेषा एका युक्तीने खपविल्या. चित्र संपल्यावर चिप ५१ रेषा नुसतीच थांबते आणि मगच प्रोसेसरला 'आता स्मृती मोकळी आहे' असा संकेत देते. संकेतापासून पुढचे चित्र सुरू होईपर्यंतचा अवकाश त्यामुळे जपानी यंत्राइतकाच, वीस रेषांचा राहतो. वेळेवर काटेकोर विसंबणारे जपानी खेळ युरोपच्या अधिकृत यंत्रापेक्षा या नकलेवर अधिक बिनचूक चालत, हा इतिहासातील एक गमतीदार न्याय होय. अर्थात फेऱ्या ५० च राहिल्याने बहुतेक खेळ व त्यांचे संगीत मूळच्या पाच षष्ठांश वेगाने चाले. पॅल संचावर या यंत्राने खेळलेल्या पिढीच्या कानात त्या धून आजही संथच आहेत.

नकलांच्या कायदेशीर बाजूचे समर्थन येथे करावयाचे नाही. परंतु मूळ यंत्र ज्यांच्या आवाक्यात कधीच आले नसते अशा घरांत हे तंत्र पोहोचले ते त्यांच्यामुळे, हेही नोंदविले पाहिजे.

देवनागरीचा प्रश्न :

खिळे व जुळणी ही कल्पना केवळ खेळांची नव्हती. त्या काळच्या वैयक्तिक संगणकाचा अक्षरपडदाही ८० बाय २५ घरांचा असाच तक्ता होता. प्रत्येक घरात एक क्रमांक आणि त्या क्रमांकाची ठरावीक आकृती. रोमन लिपीला हे पुरे. देवनागरीत एक अक्षर म्हणजे एक आकृती असा हिशेब चालत नाही : वेलांटी उच्चाराने नंतर येते व लेखनात आधी, रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर बसतो, जोडाक्षरांची तर गणतीच नको. आयआयटी कानपूर येथे मोहन तांबे प्रभृतींनी विकसित केलेले आणि १९८८ मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या सी-डॅकने पुढे नेलेले जिस्ट तंत्रज्ञान हे या प्रश्नाचे उत्तर होते. जिस्ट कार्ड संगणकात बसविले की डॉसवरील इंग्रजी प्रोग्राममध्ये भारतीय लिप्या दिसत. पडद्याच्या तक्त्यात मर्यादित घरे आणि मर्यादित आकृत्या असताना त्यांतून अधिक काही कसे काढावे, ही गेम चिपच्या रचनाकारांची आणि जिस्टच्या अभियंत्यांची अडचण एकाच जातीची होती. दोहोंचा एकत्र विचार आपल्याकडे अद्याप व्हावयाचा आहे.

जडसंग्रहातील यंत्रे :

स्मृती स्वस्त झाल्यावर या चिपचे प्रयोजन संपले. १९९४ च्या प्लेस्टेशनमध्ये चित्रासाठी एक मेगाबाइट स्मृती होती, तीत त्रिकोण रंगविले जात आणि फ्रेम बफर हीच मुख्य पद्धती झाली. जुन्या चिपचे उत्पादन बंद पडले. फेरांटी ही कंपनीच १९९३ मध्ये दिवाळखोरीत गेली. यूएलएची अंतर्गत जोडणी पुढे ख्रिस स्मिथ यांनी चिप उघडून, सूक्ष्मदर्शकाखाली वाचून २०१० मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. पीपीयूचे बारकावेही असेच, कंपनीच्या कागदपत्रांवाचून, हौशी अभ्यासकांनी चिकाटीने उलगडले आहेत. आज ही दोन्ही यंत्रे प्रोग्राम करता येणाऱ्या चिपवर पुन्हा उभी करता येतात आणि त्यांची अनुकृती साध्या संगणकावर विनामूल्य चालते. संगणक रचना या विषयाच्या प्रात्यक्षिकासाठी याहून स्वस्त साधन प्रस्तुत लेखकाच्या पाहण्यात नाही.

मात्र अनुकृती म्हणजे यंत्र नव्हे. नकलांच्या बाबतीत तर कोणती आवृत्ती कोठे विकली गेली याची नोंद बहुधा यंत्रातच आहे. १९८४ मध्ये सुरू झालेल्या क्लास योजनेतून देशातील शाळांना बीबीसी मायक्रो संगणक मिळाले होते, त्यांतही फेरांटीचीच एक यूएलए पडद्याचे काम पाही. अशी यंत्रे जडसंग्रह नोंदवहीत एका ओळीत असतात आणि निर्लेखनाचा ठराव झाला की वजनावर भंगारात जातात. ठरावापूर्वी झाकण उघडून पाहण्यास अर्धा तास पुरतो. स्पेक्ट्रम किंवा बीबीसीच्या पट्टीवर फेरांटीचे नाव असलेली चिप आढळल्यास तिचा क्रमांक टिपून ठेवावा. टीव्ही गेमच्या पट्टीवर ४० पायांच्या दोन सुट्या चिप दिसल्या तर ते यंत्र नकलांच्या आधीच्या पिढीतील असण्याचा संभव अधिक; त्यांच्या पाठीवरील अक्षरे व अंक यांचे छायाचित्र घ्यावे. त्याऐवजी डांबराच्या थेंबासारखा एकच काळा ठिपका असेल तर दोन्ही चिप एकाच सिलिकॉनवर आलेल्या नंतरच्या पिढीचे ते यंत्र होय, आणि त्या ठिपक्यावर कोणताही क्रमांक नसतो.